सप्टेंबरच्या चौकटीतलं शून्य

बुदिमीर त्साकिच हा माणूस काळजी करायलाच जन्माला आला होता, असं माझं स्पष्ट मत आहे. एकतीस वर्षं त्याच्या समोरच्या टेबलावर बसल्यामुळे ते सांगायचा मला हक्कही आहे. सकाळी आला की आधी खिडकीची कडी बघणार, मग हीटरची वायर हुंगणार, आणि मग मला विचारणार, "रोसा, खालच्या जिन्यावर पाणी सांडलंय, जपून चढलीस ना?" अरे बाबा, चढले म्हणून तर तुझ्यासमोर बसलेय! पण तेवढ्याने त्याचं समाधान व्हायचं नाही. संध्याकाळी मी उतरताना काय होईल, याची काळजी त्याने तोवर सुरू केलेली असायची.

मी रोसांदा. मोरावा नदीच्या काठी आमच्या जिल्ह्याची आरोग्य कचेरी आहे, तिथे कागदावरचे आकडे संगणकात भरणं हे माझं काम. त्या आकड्यांना बोलतं करणं हे बुदाचं, म्हणजे बुदिमीरचं. संख्याशास्त्रज्ञ. जिल्ह्यात तो एकटाच, त्यामुळे लसी, गोवर, कुत्री चावणं, सगळं त्याच्याच गळ्यात. लग्न केलं नाही. एकदा ठरत आलं होतं, पण मुलीच्या घरचे जिन्याचे कठडे बुटके आहेत म्हणून याने सासऱ्याशी वाद घातला, असं लोक सांगतात. खरं असेल तरी मला नवल वाटणार नाही. घरी तो आणि त्याची आई, कोसाराकाकू. काकूंचे पाय थकले, एका वर्षात दोनदा हाताचं हाड मोडलं, तेव्हा त्यांनी स्वतःच पिशवी भरली आणि सपाटीवरच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. "तू दिवसभर माझ्या पायांकडे बघत बसतोस, त्यानेच मला चक्कर येते," असं त्याला तोंडावर सांगून गेल्या.

तर ही गोष्ट पडण्याची आहे. म्हातारी माणसं पडतात, त्यात नवल ते काय? पण बेलग्रेडहून एक समिती आली आणि म्हणाली, मोजा. जिल्ह्यातल्या अकरापैकी चार आश्रमांत मिळून दोनशे बारा माणसं. प्रत्येकाला एक नंबर दिला, नाव नाही. दर महिन्याला प्रत्येक नंबरापुढे एकच आकडा यायचा, या महिन्यात किती वेळा पडलं. जानेवारी ते डिसेंबर, बारा चौकटी. मध्येच, जुलैपासून, सपाटीवरच्या दोन आश्रमांत नेवेनाने तोल सांभाळायच्या व्यायामाचा क्लास सुरू केला. डोंगरातल्या दोन आश्रमांत क्लास नाही. नेवेना तिशीची फिजिओथेरपिस्ट, आवाज असा की बहिऱ्यालाही कवायत कळावी. खुर्चीला धरून एका पायावर उभं राहायचं, फरशीवरच्या पांढऱ्या पट्टीवरून टाचेला अंगठा लावत चालायचं, आणि हे सगळं अकॉर्डियनच्या तालावर. प्रश्न एवढाच होता की क्लासमुळे पडणं कमी होतं का. होत असेल तर समिती क्लास चालू ठेवणार, नेवेनाला कायम करणार. होत नसेल तर फेब्रुवारीअखेर बंद.

आणि कोसाराकाकू त्याच क्लासात होत्या. जूनमध्ये काठी घेऊनही दारापर्यंत जाताना धापा टाकणारी ती बाई. डिसेंबरात त्यांच्या घराण्याच्या संताचा सण होता, स्लावा, तेव्हा त्यांनी गोड गव्हाचं ताट स्वतःच्या हातांनी पाहुण्यांपुढून फिरवलं. बुदा मागून हात पसरून चालत होता, पडलीच तर झेलायला. पाहुणे हसत होते. मी हसले नाही, वाटेतली खुर्ची ओढून त्याला जागा करून दिली.

नंबरांमागची नावं आम्हाला कळू नयेत असा नियम होता. पण एक्केचाळीस नंबर कोण, हे बुदाने न सांगताही मला कळलं. त्या ओळीवर आला की तो पेन्सिल चावायचा. आई कुठल्या महिन्यात किती वेळा पडली हे मुलाला पाठ असतं. 

समितीची बैठक फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी होती. आमचे संचालक तिहोमिरसाहेब सोमवारीच दारात येऊन उभे राहिले. "त्साकिच, आकडा?"

"अडतीस टक्के कमी, साहेब. पण ते सगळ्यात साध्या मॉडेलने. प्वासाँच्या."

"अडतीस! झालं तर मग!"

"नाही ना झालं," बुदा म्हणाला. "ते मॉडेल बसत नाहीये."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच त्याला जन्म दिला होता. मी खांदे उडवले. साहेब गेल्यावर म्हटलं, "तुझं म्हणजे लग्नासारखंच आहे. कुठलंच स्थळ पसंत पडत नाही. काय खोट आहे या बिचाऱ्या प्वासाँमध्ये?"

"अगं, ते मॉडेल धरून चालतं की पडणं म्हणजे झाडावरून आलुबुखार गळणं. इथे एक, तिथे एक. सरासरी जेवढी, तेवढाच चढउतार. आपल्याकडे सरासरी एकाच्या आत आणि चढउतार तिच्या चौपट. शंभरावर माणसं वर्षभर एकदाही पडत नाहीत, आणि काही जण..." त्याने पेन्सिल चावली. "काही जण महिन्याला दोनदा पडतात. साध्या मॉडेलला हे दिसत नाही, म्हणून ते नको तेवढं ठाम बोलतं. ठाम बोलणाऱ्याची मला भीती वाटते."

"तुला कशाची वाटत नाही ते सांग."

मग त्याने दुसरं मॉडेल घेतलं, ऋण द्विपदी नावाचं. माणसामाणसांत फरक असतो हे त्या मॉडेलला मान्य होतं. त्यावर बुदाने प्रत्येक माणसाची स्वतःची खोडही धरली, कारण बारा महिने म्हणजे बारा माणसं नव्हेत, एकाच माणसाचे बारा महिने. ज्याचा पाय जानेवारीत लटपटतो त्याचा मेमध्येही लटपटणारच. हे मला पटलं. पण ते मॉडेलही पूर्ण बसेना. "शून्यं फार आहेत," तो मंगळवारी दिवसभर पुटपुटत होता. "मॉडेलला हवीत त्याहून जास्त शून्यं."

मग तिसरं. या तिसऱ्याचं म्हणणं असं की शून्यं दोन जातींची असतात. एक, पडू शकला असता पण पडला नाही त्याचं. दुसरं, जो पडूच शकत नव्हता त्याचं. हे मॉडेल हातमोज्यासारखं बसलं, आणि बुदाचा चेहरा आणखीच उतरला.

"कोण पडूच शकत नाही, रोसा?"

"अंथरुणाला खिळलेला."

"ते सतरा. पण हे मॉडेल म्हणतंय की सप्टेंबर आणि ऑक्टोबरात, फक्त सपाटीवरच्या दोन आश्रमांत, पडूच न शकणारी माणसं एकदम साठ-सत्तर झाली. कशी?"

नेमके तेव्हाच साहेब आत आले, आणि त्यांनी ऐकलं. "छान!" ते टाळी वाजवून म्हणाले. "म्हणजे व्यायामाने माणसं पडेनाशीच झाली! हेच वाक्य अहवालात घाला."

बुदा त्या रात्री झोपला नसणार. बुधवारी दाढी न करताच आला. दुपारी मी बीन्सचा रस्सा गरम करून त्याच्यापुढे ठेवला, तर त्याने भाकरीचा तुकडा बुडवला आणि तसाच धरून बसला. पडद्यावर एक्केचाळीसची ओळ होती. दोन, तीन, दोन, दोन, तीन, दोन, दोन, एक, शून्य, एक, एक, एक.

"रोसा, या सप्टेंबरात शून्य कुणी भरलं?"

"कुणी म्हणजे? इथे दुसरं कोण बोटं झिजवतंय?"

"कागदावर शून्य होतं?"

मी उठले. फाइल काढली. आश्रमाच्या परिचारिकेने पाठवलेला कागद, एक्केचाळीस नंबर, सप्टेंबर. चौकट कोरी.

"रिकामी आहे," मी म्हटलं. "रिकामी म्हणजे शून्य. तुझाच नियम, चौदा वर्षांपूर्वीचा. आकडा टाकल्याशिवाय तुझा तो प्रोग्राम पुढे सरकतच नाही."

खोटं नव्हतं. गोवराच्या साथीत त्यानेच तो नियम केला होता. ज्या गावाने चौकट रिकामी ठेवली, तिथे रुग्ण नाही, शून्य टाका. तेव्हापासून मी डोळे मिटून टाकत आले.

बुदाने भाकरी खाली ठेवली. "सप्टेंबरात आई तिथे नव्हतीच. अख्खा महिना माझ्याकडे होती. मिरच्यांना आणली होती."

 अहो, मी स्वतः मिरचीच्या गावची! सपाटीवर सप्टेंबर लागला की अंगणाअंगणात पत्रा तापतो, पोत्यांनी लाल मिरच्या भाजल्या जातात, आणि त्यांचा आयवार, म्हणजे घट्ट चटणी, घोटून हिवाळ्यासाठी बरण्या भरतात. सुनांना घाटायला जमतं, पण सोलायचं काम म्हातारीचंच. तिच्या बोटांना चटका लागत नाही, एक बी आत राहत नाही. म्हणून आश्रमातल्या आज्यांना घरोघरचे लोक येऊन घेऊन जातात, कुणी दहा दिवस, कुणी महिना. माझी सख्खी मावशी त्याच आश्रमात. मी स्वतः तिला घेऊन आले होते, सोललेल्या मिरच्या खाल्ल्या होत्या, आणि ऑक्टोबरात कचेरीत बसून, तिचा नंबर कुठला हे न कळता, तिच्यापुढेही शून्य टाकलं होतं. डोकं कुठे ठेवलं होतं मी? डोंगरात मिरच्या पिकत नाहीत, तिथल्या म्हाताऱ्या जागेवरच होत्या आणि जागेवरच पडत होत्या.

"कोण पडूच शकत नाही?" बुदा हळूच म्हणाला. "जो तिथे नाहीच, तो."

"आणि तुझ्याकडे असताना? पडल्या नाहीत ना काकू?"

त्याने चष्मा काढला. "दोनदा. एकदा अंगणात, पत्र्याजवळ. एकदा न्हाणीघरात. म्हणाली, आश्रमात सांगू नकोस, नाहीतर पुढच्या वर्षी मला सोडणार नाहीत. मी नाही सांगितलं." मग काच पुसत म्हणाला, "दोनदा पडली, रोसा, आणि मी तिथे शून्य ठेवून अडतीस टक्के म्हणतोय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं आम्हा दोघांचं झालं. दार लोटून घेतलं आणि चारही आश्रमांना फोन लावले. कोण कधी घरी गेलं, कधी परत आलं, याची वही प्रत्येक आश्रमाच्या दाराशी असते. परिचारिका वाचत गेल्या, मी लिहीत गेले. सप्टेंबर, ऑक्टोबर, मग नोव्हेंबर-डिसेंबरातले स्लावे. गुरुवारी दुपारपर्यंत प्रत्येक चौकटीशेजारी एक नवा आकडा उभा राहिला, त्या महिन्यात तो माणूस आश्रमात किती दिवस हजर होता. महिना हजर असणाऱ्याचं एक माप, दहा दिवस असणाऱ्याचं त्याचा तिसरा हिस्सा, आणि नसणाऱ्याचं काहीच नाही. बुदाने ते मॉडेलात घातलं आणि ती जास्तीची शून्यं विरघळून गेली. तिसऱ्या मॉडेलची गरजच उरली नाही. दुसरं नीट बसलं.

आणि अडतीसचे झाले चौदा.

"चौदा तरी आहेत," मी म्हटलं.

"नुसते चौदा नाहीत. खरं उत्तर चौतीस टक्के कमी ते बारा टक्के जास्त, यात कुठेही असू शकतं. म्हणजे क्लासने फायदा होतो की नाही, मला सांगताच येत नाही."

तिहोमिरसाहेबांना सांगायला आम्ही दोघं गेलो. त्यांनी आधी दार बंद केलं. "त्साकिच, हात दाखवून अवलक्षण कशाला? कोण विचारतंय मिरच्यांचं? बेलग्रेडच्या लोकांना मिरची बरणीतच माहीत असते."

"साहेब, आकडा खोटा आहे."

"शून्यं रोसांदाबाईंनी भरली. चौकशी झाली तर कुणाची होईल, कळतंय ना?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. निवृत्तीला मला तीन वर्षं होती. 

"नियम माझा आहे," बुदा म्हणाला. "लिहून देतो."

साहेब मग मऊ झाले, आणि ते जास्त वाईट होतं. "तुमची आई कुठल्या आश्रमात आहे, त्साकिच?"

बुदाने दार उघडलं. जिना उतरताना त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

शुक्रवारी समितीचे तिघं आले. बुदाने पाण्याचा ग्लास उचलला आणि अर्धा स्वतःच्या बाहीवर सांडला. पण बोलला. मिरच्या, दाराशी असलेली वही, रिकाम्या चौकटी, त्याचा स्वतःचा नियम, सगळं. चौदा सांगितला आणि चौदाच्या दोन्ही बाजूंचं धुकंही सांगितलं. नेवेना कोपऱ्यात बसली होती, तिचा रंग उडत गेला. समितीतल्या बाई, पांढऱ्या केसांच्या, शांत, म्हणाल्या, "मग आम्ही काय करावं? क्लास बंद?"

"आणखी एक वर्ष मोजावं," बुदा म्हणाला. "या खेपेला हजर दिवसांसकट. आणि..." त्याने ओली बाही पिळली. "आणि आश्रमांची अदलाबदल करावी. क्लास डोंगरात न्यावा. सपाटीवर बंद ठेवावा."

"दोन्हीकडे का नको?"

"नेवेना एकच आहे, दोन आश्रमांपुरतीच पुरते. आणि अदलाबदल केली तर एकाच माणसाचे क्लास असतानाचे महिने आणि नसतानाचे महिने शेजारी ठेवता येतील. मिरचीच्या गावाची तुलना मिरचीच्याच गावाशी होईल. त्याहून स्वच्छ उत्तर मिळणार नाही."

बाईंनी मान हलवली, लिहून घेतलं. झालं, एवढ्यात ठरलं.

बाहेर नेवेनाने त्याला गाठलं. "सर, तुमची आई पट्टीवरून सरळ चालायला लागलीय. वर्षभर सोडलं तर ते पाय परत येणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे," तो म्हणाला. नेवेना रडत निघून गेली. मला त्याचा राग आला, आणि रागावावं असं त्याने काय केलं होतं तेही कळेना. खरं बोलला होता. पण खरं बोलायला दुसऱ्या कुणाची आई मिळाली नव्हती का देवाला?

रविवारी आम्ही काकूंना भेटायला गेलो. तो मला चल म्हणाला नव्हता, मीच चीजच्या थरांची पोळी, गिबानित्सा, भाजून बसमध्ये त्याच्याशेजारी जाऊन बसले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आता डोंगरातल्या बायका नाचणार, आणि आम्ही खुर्चीत बसून बघायचं?"

"एकच वर्ष, आई."

"वर्ष! मी चौऱ्याऐंशीची आहे, बाळा. तुला वर्ष म्हणजे बारा चौकटी." मग त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "आकडा खोटा होता?"

"हो."

"मी पडले ते तू लपवलंस म्हणून?"

"तू एकटी नाहीस. पण हो."

"लपवायला मीच सांगितलं होतं," काकू म्हणाल्या. "रोसांदा, काप ती गिबानित्सा. हा उपाशी दिसतोय." दोन घास खाल्ल्यावर म्हणाल्या, "मी आपली एकटीच करीन. त्या खिडकीला धरून, एका पायावर."

बुदाने तोंड उघडलं. मला कळलं काय चाललंय. क्लास नसताना कुणी चोरून व्यायाम केला तर मोजणी नासणार होती, त्यानेच आखलेली.  मग तो उठला, खिडकीच्या चौकटीला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघितला आणि म्हणाला, "घट्ट आहे. कर."

काकूंनी केला, पण एकटीने किती दिवस करणार? नेवेनाचा ओरडा नाही, अकॉर्डियन नाही, शेजारणीला हरवायची चुरस नाही. ईस्टरनंतर सोडून दिला.

दर महिन्याला कागद यायचे आणि मी भरायचे. आता दोन चौकटी होत्या, हजर दिवस आणि पडणं. एक्केचाळीस नंबर: मार्च एक, एप्रिल एक, मे दोन, जून दोन, जुलै तीन. मी भरत असताना बुदा खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा, आणि माझं बोट कळफलकावर किती वेळ थांबतं यावरूनच ओळखायचा. एकदा मी म्हटलं, "आण ना त्यांना घरी, कायमच्या." म्हणाला, "विचारलं. ती म्हणते, दिवसा तू कचेरीत, मी पडले तर भिंतीला हाक मारू?"

सप्टेंबरात तो काकूंना मिरच्यांना न्यायलाच तयार नव्हता. भीती, दुसरं काय! काकूंनी मला फोन केला. "त्याला सांग, मी अजून मेले नाही. आणि त्याला सोलता येत नाहीत. गेल्या खेपेला नळाखाली धरून सोलत होता, सगळी चव गटारात." मी त्याला झापलं आणि त्याने काकूंना आणलं. अंगणात पत्रा तापला. काकू खुर्चीत बसल्या, मांडीवर परात, आणि भाजलेल्या मिरच्यांची सालं एका ओढीत उतरवत होत्या. बुदा पाठीमागे खुर्ची धरून उभा, तीन तास. "अरे, मी खुर्चीतून उडून जाणार नाही," त्या ओरडल्या. त्या महिन्यात त्या पडल्या नाहीत. ऑक्टोबरात परत गेल्या. ऑक्टोबर तीन, नोव्हेंबर चार, डिसेंबर तीन. स्लाव्याला ताट बुदाने फिरवलं, काकू बसून होत्या.

जानेवारीच्या नऊ तारखेला त्या संडासाला जाताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात न्यूमोनिया झाला. बावीस तारखेला गेल्या. मी खूप रडले, सांगायला लाज कसली? बुदा रडला नाही. कबरीवर मेणबत्ती लावताना वारा होता, आणि तो पुन्हा पुन्हा काडी ओढत राहिला. शेवटी मीच त्याच्या हातातून पेटी घेतली.

चौथ्या दिवशी तो कामावर आला. खिडकीची कडी बघितली नाही. हीटर हुंगला नाही. मी जिना जपून चढले का, विचारलं नाही. मला त्याचीच धास्ती बसली. एकतीस वर्षं ज्या बडबडीला कंटाळले होते, ती ऐकायला मिळावी म्हणून मी मुद्दाम म्हटलं, "आज पायरीवर बर्फ होता बाई, घसरता घसरता वाचले." त्याने नुसती मान हलवली.

मार्चच्या सुरुवातीला वर्षाचे शेवटचे कागद आले. एप्रिलमध्ये बुदाने निकाल काढला. या वेळी मॉडेल निवडायला त्याला अर्धा दिवसही लागला नाही. क्लासने पडणं एकोणतीस टक्के कमी होतं, आणि खरं उत्तर सतरा ते चाळीस टक्के कमी यांच्या मध्ये कुठेतरी. धुकं राहिलं, पण सगळं एकाच बाजूला. तिहोमिरसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या नावाने बेलग्रेडला पत्र लिहिलं. नेवेना कायम झाली, तिच्या हाताखाली आणखी चौघी घेतल्या, जिल्ह्यातल्या अकराही आश्रमांत पांढऱ्या पट्ट्या मारल्या गेल्या. नेवेना पेढे द्यावेत तशी चॉकलेटं घेऊन आली, बुदाजवळ गेली आणि तिला काही बोलता येईना. त्यानेच तिला विचारलं, "डोंगरातल्या हॉलची फरशी गुळगुळीत आहे म्हणे, खाली रबर टाकलंस ना?" माझ्या जिवात जीव आला.

सगळे गेल्यावर तो म्हणाला, "रोसा, एक्केचाळीसची ओळ लाव जरा."

मी लावली. बारा महिने नव्हे, सव्वीस महिने, एकाखाली एक. क्लास आधीचे, क्लासातले, क्लास गेल्यानंतरचे. दोन-तीन, मग एक-एक, मग दोन, तीन, चार. लहान पोरालाही कळलं असतं.

"दोनशे बारा ओळींत इतकी स्वच्छ दुसरी नाही," तो म्हणाला. "निकालाला सगळ्यात जास्त आधार अशाच ओळींचा असतो."

 तो पडद्याच्या अगदी जवळ वाकला, पण चष्मा ओला होता, त्याला तळाचं दिसत नव्हतं.

"फेब्रुवारीत," त्याने विचारलं, "शून्य नाही ना टाकलंस?"

"नाही रे," मी म्हटलं. "रिकामी ठेवलीय."